भाड्याच्या खोलीचे छप्पर गळते? मालकाला पत्र आताच लिहा!



वैशाखाचे ऊन रणरणते आहे. नांगरट झाली, पाळ्या झाल्या, शेणखत रानात पडले. मृगाच्या आधी आपण आणखी एक काम न चुकता करतो. घराचे छप्पर पाहतो. फुटकी कौले बदलतो, पत्र्याचे सैल नट आवळतो, माळवदावरचे गवत उपटून माती चोपून घेतो. गुरांच्या गोठ्यावरसुद्धा नवे पाचट पडते.

पण आपल्यापैकी पुष्कळांचे आणखी एक बिऱ्हाड असते आणि त्याच्या छपराकडे कोणीच पाहत नाही. ते म्हणजे तालुक्याच्या गावी घेतलेली भाड्याची खोली. गावातली शाळा संपली की मुलेमुली तिथे राहायला जातात. सोबतीला आजी जाते. दर आठवड्याला एस. टी. ने पीठ, डाळ, तिखट जाते. खोली आपली नाही, म्हणून तिची काळजीही आपली नाही, असे आपण धरून चालतो. मालकाला वाटते, बिऱ्हाडकरू गप्प आहेत म्हणजे सगळे ठीक आहे. या दोघांच्या मध्ये तुळई कुजत राहते, आणि तिच्याखाली आपली लेकरे निजलेली असतात.

मालक दुरुस्ती करीत नसेल तर काय करावे? भांडावे? भाडे बंद करावे? की मुकाट्याने बादली ठेवून पावसाळा काढावा? या तिन्हींपेक्षा बरा एक मार्ग आहे. तोच आज समजून घेऊ.

एका बिऱ्हाडाची गोष्ट

माझ्या मावसबहिणीची दोन मुले धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकतात. जुन्या वाड्यातली एक खोली, पुढे पडवी, भाडे महिना दोन हजार रुपये. मालक पुण्याला. भाडे गोळा करायला एक कारभारी येतो. लेखी करार नाही, पावती नाही, सगळा व्यवहार तोंडी.

पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यात ठिबक लागली. बहिणीने कारभाऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "ताई, भर पावसात माळवद कुठं उकरायचं? पाऊस सरू द्या." दिवाळीला पुन्हा सांगितले. तेव्हा तो म्हणाला, "आता पाऊस कुठाय? पुढच्या साली बघू की." अशी दोन वर्षे गेली. पावसात काम होत नाही आणि उन्हाळ्यात गरज वाटत नाही, हे चक्र आपल्यालाही अनोळखी नाही.

तिसऱ्या वर्षी श्रावणातल्या एका रात्री आजीला जाग आली. वरून माती झरत होती. म्हातारीने नातवाला हाताला धरून ओढले, नातीला उठवले आणि तिघे पडवीत येऊन बसली. पहाटे आत जाऊन पाहिले तर मुलाच्या अंथरुणावर पाटीभर ओली माती आणि फळीचा तुकडा पडला होता.

पोरगे वाचले. आजीची झोप सावध होती म्हणून वाचले.

दाजी संतापले. शेजारी म्हणाले, "भाडंच बंद करा, आपोआप पळत येईल." पण आमच्या गावात कोर्टातून निवृत्त झालेले एक बेलीफ आहेत. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. बहीण त्यांच्याकडे गेली. ती म्हणाली, "आण्णा, भाडं थांबवलं की कळंल त्यांना."

आण्णा म्हणाले, "पोरी, आज दोष त्यांचा हाय. भाडं थांबवलंस की दोष तुझा होईल. कोर्टात पहिला सवाल, भाडं दिलं का? दुसरा सवाल, मालकाला कळवलं होतं का? दोन्हीला कागद दाखवता आला पायजे. तुझ्याजवळ एकबी कागद न्हाई."

आण्णांचे हे बोल म्हणजेच या लेखाचे सार आहे. ढिला मालक आवाज चढवल्याने हलत नाही. तारखेनिशी कागद पुढे आला की हलतो.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याचे कलम १४ आपल्या कामाचे आहे. करारात उलट काही ठरलेले नसेल, तर जागा राहण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवणे हे मालकावर बंधनकारक आहे, असे ते सांगते.

मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरूने त्याला किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. ती टपालाने किंवा अन्य रीतीने देता येते. एका वाड्यात अनेक भाडेकरू असतील तर सर्वांनी मिळून एकच नोटीस दिली तरी चालते. त्यानंतर वाजवी मुदतीत मालकाने काम केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो किंवा मालकाकडून वसूल करू शकतो. खर्चाचा हिशेब आणि पावत्या भाडेकरूने ठेवल्या असतील तर तो हिशेब मालकावर बंधनकारक ठरतो.

मात्र यालाही एक मर्यादा आहे. अशी वळती किंवा वसुली त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापेक्षा जास्त करता येत नाही. भाडे महिना दोन हजार असेल तर वर्षाचे चोवीस हजार झाले. त्याचा चौथा हिस्सा सहा हजार. म्हणजे पन्नास हजारांचे छप्पर आपण बदलायचे आणि दोन वर्षे फुकट राहायचे, असा याचा अर्थ नाही. लहान आणि तातडीची दुरुस्ती आपण करावी. मोठे काम मालकाकडूनच करून घ्यावे.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, हा कायदा सरसकट सगळ्या गावांना लागू नाही. त्याला जोडलेल्या यादीतल्या शहरांना आणि गावांनाच तो लागू आहे. यादीबाहेरच्या गावातल्या घरभाड्याला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. त्यातही, जी दुरुस्ती करणे मालकावर बंधनकारक आहे ती त्याने नोटिशीनंतर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद आहे. तेव्हा आपले गाव कोणत्या कायद्यात येते, हे तालुक्याच्या कोर्टात विचारून घ्यावे.

दुसरी, हल्ली अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार करण्याची पद्धत आहे. असा करार असेल तर आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक ठरतो आणि कलम १४ चा आधार मिळेलच असे धरता येत नाही. तिथे करारातले दुरुस्तीचे कलम महत्त्वाचे. म्हणून सही करण्याआधीच "छप्पर, भिंती, नळ आणि वीज यांची दुरुस्ती मालक करील" असे वाक्य घालून घ्यावे.

तिसरी, १९९९ च्या कायद्याप्रमाणे करार लेखी करून नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि भाड्याची लेखी पावती देणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाते. म्हणून करार तोंडी आहे म्हणून घाबरून जाऊ नका.

आधी घर नीट पाहा

"घर खराब आहे" असे मोघम लिहिलेल्या पत्राला मोघमच उत्तर येते. म्हणून आधी दिवसाच्या उजेडात खोली नीट पाहा. गवंडीकाम जाणणारा कोणी सोबत असेल तर उत्तम.

पाणी कुठून येते ते शोधा. वरून येणाऱ्या पाण्याचा डाग छताशी सुरू होऊन खाली उतरतो. जमिनीतून चढणारी ओल पायथ्यापासून वर जाते. पत्र्याच्या घरात बहुधा नटाखालचे वॉशर गेलेले असते. कौलारू घरात दोन उतार मिळतात तिथली पन्हळ पाहावी. स्लॅबच्या घरात गच्चीवरचे पाणी जाण्याचे भोक तुंबलेले असते. छताचे पोपडे पडून आतली गज गंजलेली दिसत असेल तर ते काम नुसत्या रंगाने भागणारे नाही, कारण गंजलेली गज फुगते आणि उरलेला गिलावाही ढकलून पाडते.

भिंतीला तडा असेल तर तो वाढतो आहे की थांबला आहे हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. तड्यावर कागदाची अरुंद पट्टी खळीने चिकटवा. पंधरा दिवसांनी तडा रेघेच्या पुढे गेलेला दिसला किंवा पट्टी फाटली, तर भिंत हलते आहे असे समजावे.

माळवदाच्या घराबद्दल मुद्दाम सांगतो. छप्पर गळले की वर आणखी माती टाकायची, ही आपली जुनी रीत. गळती थांबते, पण दरवर्षी थर जाड होतो आणि खालच्या लाकडावर बोजा वाढत जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर आणि धाराशिव भागात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. त्या भागातल्या माणसाला जड छपराचे भय सांगावे लागत नाही. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जड असते. म्हणून गळके माळवद पावसाळ्यात दुहेरी धोक्याचे असते. लाकूड कुजत असते आणि त्याच वेळी त्याच्यावरचे ओझे वाढत असते.

जे दिसेल त्याचे मोबाइलवर फोटो काढा. शेजारी वीतभर काठी किंवा फूटपट्टी धरा, म्हणजे तडा केवढा ते कळते. वहीत तारीख लिहा, फोटो पुसून टाकू नका.

पत्र कसे लिहावे?

पत्र साधे असावे. राग नको, धमकी नको, विनवणीही नको. पहिल्या ओळीत भाडे वेळेवर दिल्याचे लिहावे. त्याने पत्राला वजन येते. नमुना असा :

"श्री. ... यांस,
सप्रेम नमस्कार.
आपल्या ... येथील वाड्यातील खोलीत आम्ही सन ... पासून भाड्याने राहत आहोत. भाडे दरमहा रु. ... असून ... महिन्यापर्यंतचे दिलेले आहे. खोलीत पुढीलप्रमाणे नुकसान झाले आहे : (१) उत्तरेकडील तुळईचे टोक कुजले असून तेथून माती झरते. (२) त्याच बाजूच्या भिंतीला सुमारे तीन फूट लांबीचा तडा गेला असून तो वाढत आहे. (३) पावसाचे पाणी विजेच्या बोर्डाजवळ येते.
याबाबत आपल्या कारभाऱ्यांना वारंवार तोंडी सांगितले आहे. खोलीत लहान मुले राहतात. तरी हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दुरुस्ती सुरू करावी, ही विनंती. तसे न झाल्यास कायद्याप्रमाणे आवश्यक तेवढी दुरुस्ती आम्ही करून घेऊ व खर्च भाड्यातून वळता करू, याची नोंद घ्यावी. सोबत फोटो जोडले आहेत.
आपला/आपली, ... दिनांक ..."

पत्राच्या दोन प्रती करा. एक आपल्याजवळ ठेवा. कारभाऱ्याच्या हाती पत्र देऊन थांबू नका, थेट मालकाच्या पत्त्यावर पाठवा. पूर्वी आपण अशी पत्रे रजिस्टर टपालाने पाठवीत होतो. २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. तेव्हा स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने पाठवा आणि पावती जपून ठेवा. पत्राचा फोटो व्हॉट्सअॅपवरही टाका. मालक फोनवर "करतो" म्हणाला, तर त्याच दिवशी "आज आपण अमुक तारखेला गवंडी पाठवतो म्हणालात" असा निरोप लिहून पाठवा. बोललेले हवेत विरते, लिहिलेले राहते.

पंधरा दिवस उलटले तर

वाजवी वाट पाहूनही हालचाल दिसली नाही, तर चौथ्या हिश्शाच्या मर्यादेत बसेल एवढे काम आपण करून घ्यावे. आधी दोन गवंड्यांकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा. सामानाची पावती दुकानदाराकडून आणि मजुरीची पावती सही करून गवंड्याकडून घ्यावी. काम सुरू होण्याआधीचे आणि झाल्यानंतरचे फोटो घ्यावेत. मग हिशेबाचा कागद मालकाला पाठवून, किती रुपये कोणत्या महिन्याच्या भाड्यातून वळते केले ते कळवावे. उरलेले भाडे वेळेवर द्यावे आणि त्याची पावती घ्यावी.

मालकाच्या लेखी संमतीवाचून नवी भिंत, नवी खोली असे कायमचे बांधकाम करू नये. ते अंगाशी येते. त्यावरून खोली खाली करून मागता येते. तुळई काढणे, भिंत पाडणे असली कामेही परस्पर करू नयेत. दुरुस्तीसाठी मालकाने खोली रिकामी करायला सांगितली, तर काम झाल्यावर तीच खोली त्याच बिऱ्हाडाला परत मिळेल, असे लिहून घेतल्याशिवाय कुलूप देऊ नये.

प्रकरण चिघळले तर तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. इतरांना ती उत्पन्नाच्या मर्यादेत मिळते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत तडजोड करता येते. घरमालक आणि बिऱ्हाडकरू यांच्या भांडणाला ती जागा बरी, कारण निकालानंतरही दोघांना एकमेकांचे तोंड पाहायचे असते.

थांबू नये अशी वेळ

बंधू-भगिनींनो, पंधरा दिवसांची मुदत मालकासाठी आहे. छप्पर ती पाळत नाही.

भिंतीला पोट आले असेल, दार एकाएकी अडकू लागले असेल, वरून सतत माती झरत असेल, लाकूड करकरत असेल किंवा ओल्या भिंतीला हात लावताच मुंग्या येत असतील, तर त्याच दिवशी मुलांना तिथून हलवा. नातेवाइकाकडे ठेवा, देवळाच्या ओवरीत ठेवा, चार दिवस गावी आणा. बुडालेला अभ्यास भरून काढता येतो. ओल्या भिंतीत वीज उतरली असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे.

त्याबरोबरच नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. १९६५ च्या नगरपरिषदांच्या कायद्याप्रमाणे धोकादायक इमारत दुरुस्त करण्याचा किंवा उतरवून घेण्याचा हुकूम ते मालकाला देऊ शकतात. यात एक अडचण आहे, तीही सांगून ठेवतो. इमारत धोकादायक ठरली तर आपल्यालाही बाहेर पडावे लागते. म्हणून साध्या गळतीसाठी हा उपाय नव्हे. पण जिवाशी गाठ असेल तेव्हा खोली हातची जाईल म्हणून गप्प बसू नये. खोली दुसरी मिळेल.

पुढे काय झाले?

बहिणीने मुलांना महिनाभर नात्यातल्या एकांकडे ठेवले. आण्णांनी पत्र लिहून दिले. कारभाऱ्याकडून तिने त्या महिन्यापासून पावती मागायला सुरुवात केली. तो कुरकुरला, पण देऊ लागला. मालकाचे उत्तर आले नाही. बाविसाव्या दिवशी बहिणीने ताडपत्री, पन्हळीचा पत्रा, गवंडी आणि दोन मजूर यांवर पाच हजार चारशे रुपये खर्च करून गळती थांबवली. माती थोडी उतरवली आणि हिशेब पुण्याला पाठवून दिला. कुजलेल्या तुळईसाठी मुख्याधिकाऱ्यांना अर्ज दिला आणि त्याची प्रत मालकाला पाठवली.

आठव्या दिवशी मालक स्वतः आले. वर पाहून गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "मला कुणी एवढं सांगितलंच नव्हतं." कारभारी मान खाली घालून उभा होता. दिवाळीनंतर नवी तुळई बसली आणि मातीच्या जागी पत्रा आला. वळते केलेले पैसे मालकांनी मान्य केले. पश्चिमेच्या भिंतीची ओल अजून गेलेली नाही. तिचे पत्र बहिणीने याच महिन्यात टाकले आहे. मुले त्याच खोलीत राहतात, आणि बोलणे-चालणेही नीट आहे.

आणि शेवटी आपल्याविषयी

आतापर्यंत आपण मालकाला बोल लावला. पण आपणही कोणाचे तरी मालक असतो. आपल्या मळ्यावरच्या खोलीत सालगडी राहतो. गावातल्या आपल्या जुन्या घरात शाळेच्या बाई राहतात. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाला आपण गोठ्याशेजारचा आडोसा देतो. सालगड्याची बायको "मालक, वरनं पाणी येतंय" असे सांगते, तेव्हा आपणही म्हणतो, "पाऊस सरू दे, बघू." ती पत्र लिहिणार नाही. तिला आण्णाही भेटणार नाहीत.

म्हणून येत्या बाजाराच्या दिवशी दोन कामे करा. तालुक्याच्या खोलीत जाऊन मान वर करून छत पाहा आणि पत्र टाकायचे असेल तर त्याच दिवशी टाका. परत येताना चार वॉशर आणि एक ताडपत्री जास्त आणा, आणि सालगड्याच्या छपरावर चढा. मृग निघायला फार दिवस उरलेले नाहीत.